स्नेपचे माल्टघर आणि रखमाबाई

नाचणीला मोड आणून, वाळवून, तिचे पीठ करण्याची रीत कोकण-गोव्यात जुनी आहे. माल्ट म्हणजे हाच प्रकार, केवळ धान्य निराळे. इंग्लंडच्या सफक परगण्यात, आल्ड नदीच्या काठी स्नेप येथे जव भिजवून फरशीवर पसरीत, लाकडी फावड्यांनी पुनःपुन्हा उलथीत आणि मोड फुटताच भट्टीत वाळवीत. हा माल्ट गलबतांतून लंडनच्या मद्यभट्ट्यांकडे जाई. १८५९ मध्ये कारखान्यापर्यंत मालगाडीचा लोहमार्गही आला.

कारखान्याचा संस्थापक न्यूसन गॅरेट याने १८४१ मध्ये येथील धान्य व कोळशाची पेढी विकत घेतली होती. मनुष्य करारी, काहीसा तापट. थोरल्या मुलींपैकी एलिझाबेथ हिने १८६० मध्ये डॉक्टर होण्याची इच्छा बोलून दाखविली, तेव्हा त्याला प्रथम ती कल्पनाच किळसवाणी वाटली. परंतु दारे एकामागून एक बंद होताना पाहून तोच बाप तिच्या पाठीशी उभा राहिला. शिक्षणाचा खर्च त्याने सोसला आणि औषधविक्रेत्यांच्या संस्थेने परीक्षेला बसू देण्यास खळखळ करताच न्यायालयात खेचण्याची धमकी दिली. १८६५ मध्ये एलिझाबेथ परवानाधारक डॉक्टर झाली. पाठोपाठ संस्थेने नियम बदलून इतर स्त्रियांची वाट बंद केली, हेही नमूद केले पाहिजे.

म्हणूनच स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यालय आवश्यक ठरले. लंडनमध्ये ते १८७४ मध्ये निघाले. १८८३ पासून वीस वर्षे एलिझाबेथ गॅरेट अँडरसन त्याच्या अधिष्ठाता होत्या. त्यांच्याच कारकिर्दीत, १८८९ साली, मुंबईची एक तरुणी तेथे दाखल झाली. बालपणी लावून दिलेल्या विवाहाच्या पतीकडे नांदण्यास नकार देणारी, १८८७ च्या निकालानंतर त्यापेक्षा तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविणारी ती रखमाबाई. तिच्या मागेही एक पितृतुल्य पुरुष होता, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन, मात्र खटल्याचा शेवट पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १८९४ मध्ये रखमाबाई डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली.

त्या १९५५ मध्ये निवर्तल्या. दहा वर्षांनी स्नेपचा कारखाना बंद पडला. १९६७ मध्ये त्याच्या एका मोठ्या इमारतीत संगीतसभागृह सुरू झाले. १९६९ मध्ये ते आगीत जळाले आणि पुढच्याच वर्षी पुन्हा उभे राहिले.