बालाघाटाचा जलविभाजक

सह्याद्रीला हरिश्चंद्रगडापाशीं एक फांटा फुटतो व तो आग्नेयेस अहिल्यानगर, बीड, धाराशिव ह्या जिल्ह्यांतून कर्नाटकाच्या सीमेकडे जातो. हाच बालाघाट. त्याला उत्तुंग शिखरें नाहींत. मग ह्या सपाट माथ्याच्या डोंगराचें महत्त्व कोणतें? तें उंचींत नसून उतारांत आहे. उत्तरेकडील पाणी तेरणा मांजरेला व मांजरा गोदावरीला देते. दक्षिणेकडील पाणी बोरी भीमेला पोंचविते.

मनुष्याचा इतिहासही ह्याच उतारांवर घडला. तेरणाकांठचें तेर म्हणजेच प्राचीन तगर, असें फ्लीट यांनीं १९०१ सालीं प्रतिपादन केलें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक ग्रंथांत तगरचें कापड व मलमल गाड्यांतून भडोच बंदरास जात असल्याची नोंद आहे.

दक्षिणेस नळदुर्गीं निराळीच कथा. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा हा काळा पाषाण पाणी फारसें साठवीत नाहीं. तें अडवावें लागतें. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींत, १६१३ सालीं, बोरीवर दगडी बंधारा उभा राहिला. त्याच्याच पोटांत पाणीमहाल आहे.

१९७२ च्या दुष्काळानें हाच धडा मराठवाड्यास पुनः दिला. येडशीच्या रामलिंग अभयारण्यांतील झाडें आजही घाटाची माती धरून आहेत. बालाघाटानें विभागलेलें पाणी अखेर बंगालच्या उपसागरासच मिळतें. वाटेंत तें किती थांबावें, हें मात्र डोंगर ठरवीत नाहीं, पायथ्याचीं माणसें ठरवितात.