आजोबांचे तूप, आजीचे ताट आणि नातवाचा मधुमेह

आजोबा वाटीभर तूप खात, कोसभर पायी चालत आणि ऐंशी वर्षे जगले. नातवाला मात्र पस्तिशीतच मधुमेह जडला. ही तुलना भारतातील असंख्य घरांत होते आणि नवी पिढी आळशी व चटोर झाली, असा तिचा निष्कर्ष ठरलेला असतो. आकडेवारीही वरवर त्याला दुजोरा देते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या १९७२ ते १९७५ या काळातील पाहणीत मधुमेहाचे प्रमाण शहरांत २.१ टक्के व खेड्यांत १.५ टक्के आढळले होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियाब’ पाहणीत ते प्रौढांमध्ये ११.४ टक्के, म्हणजे सुमारे १० कोटी लोक, इतके भरले. दोन्ही पाहण्यांचे निकष वेगळे होते. तरीही वाढ निर्विवाद आहे.

या कौटुंबिक तुलनेत दोन त्रुटी राहतात. पहिली अशी, की तीत केवळ जगलेल्यांची गणती होते. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान अवघे ३२ वर्षांच्या आसपास होते. बालपणीच दगावलेली भावंडे घराच्या आठवणीत उरत नाहीत. दीर्घायुषी आजोबा तेवढे उरतात. दुसरी त्रुटी अधिक खोल आहे: तीत आजीचे ताट कोणी पाहत नाही.

ते पाहण्याची वाट प्रथम जुन्या नोंदवह्यांनी दाखवली. म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ स्मृती रुग्णालयात १९३४ पासून नवजात बाळाचे वजन, लांबी व डोक्याचा घेर नोंदवला जात असे. पुढे इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी जन्मवजन आणि उतारवयातील हृदयविकार यांचा संबंध मांडल्यावर या नोंदींचे मोल कळले. १९९० च्या दशकात कॅरोलिन फॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या रुग्णालयात जन्मलेल्या व्यक्ती शोधून तपासल्या. कमी वजनाने जन्मलेल्यांत हृदयविकार अधिक आढळला. मधुमेहाचे चित्र मात्र इतके सरळ नव्हते. तो लांबीने आखूड, पण त्या मानाने जड असलेल्या बाळांत पुढे अधिक दिसला.

दिल्लीत १९६९ पासून जन्मलेल्या मुलांची वाढ वर्षानुवर्षे मोजली गेली होती. त्यांपैकी सुमारे १५०० जणांची तारुण्यातील तपासणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांच्या रक्तातील साखर बिघडली होती, ते दोन वर्षांचे होईपर्यंत कृश होते आणि त्यानंतर त्यांची अंगलट झपाट्याने वाढत गेली होती. बाराव्या वर्षी त्यांपैकी एकही लठ्ठ नव्हता.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला आणि त्यात गर्भधारणेच्याही आधीपासून स्त्रियांच्या नोंदी ठेवल्या. या गावांतील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. मात्र ही तूट स्नायूंत अधिक आणि त्वचेखालील चरबीत कमी होती. बाळ दिसायला हडकुळे, पण शरीररचनेने मेदयुक्त होते. ज्या माता दूध, पालेभाज्या व फळे अधिक वेळा खात, त्यांची बाळे मोठी होती. ज्यांना शेतातील व घरातील कष्ट अधिक उपसावे लागत, त्यांची लहान. जवळपास दोन तृतीयांश मातांत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती.

या साखळीचे मूळ आणखी मागे जाते. मुलीच्या अंडाशयातील बीजांडे ती आईच्या उदरात असतानाच तयार होतात. म्हणजे नातवंडाचे बीज काही काळ आजीच्या, आईच्या आईच्या, गर्भाशयात वाढलेले असते. पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांना दोन पिढ्या पुरेसा आहार दिल्यावरही त्यांच्यातील चयापचयाचा बिघाड भरून निघाला नाही, असे २०१५ मध्ये याज्ञिक यांचा सहभाग असलेल्या संशोधनात दिसले. उंदरांवरचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. परंतु भरपाई एका पिढीत होईलच असे गृहीत धरणेही त्यामुळे कठीण झाले.

याचा अर्थ नातवाच्या सवयी निरर्थक आहेत, असा नव्हे. दिल्लीच्या नोंदींनुसार जन्मानंतरच्या वाढीचा वेगही निर्णायक ठरतो. म्हणून व्यायाम, झोप व मोजका आहार यांचे महत्त्व कायम आहे. मात्र उपासमारीशी जुळवून घेतलेले शरीर सुबत्तेत आले, की ते थोड्याशा वजनवाढीनेही कोलमडते. त्याचा सगळा दोष एकट्या नातवाच्या माथी मारणे शास्त्राला धरून नाही.

प्रतिबंधाची वेळही त्यामुळे अलीकडे सरकते. पुण्याच्या त्याच अभ्यासातील मुलेमुली किशोरवयात आल्यावर, २०१२ पासून, त्यांना भावी मातृत्व-पितृत्वाच्या आधीच बी-१२ देण्याचा प्रयोग हाती घेण्यात आला. देशातील स्थिती पाहता ही निकड स्पष्ट होते: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. पुढील पिढीच्या मधुमेहाचा विचार करताना घरातील मुलीच्या ताटात आज काय पडते, हेही मोजावे लागेल.