परसातील तळ्यातील मासे : भक्षकांपासून राखण आणि आरोग्याची निगा

पश्चिम बंगाल, ओडिशा, आसाम, त्रिपुरा आणि केरळ या राज्यांत घराच्या परसात लहान तळे असण्याची रीत जुनी आहे. बंगालमध्ये घरामागील अशा तळ्याला ‘खिडकी पुकुर’ म्हणतात. धुणीभांडी, परसबागेचे शिंपण आणि घरच्या जेवणापुरती मासळी ही सारी कामे त्यावर चालतात. महाराष्ट्रातही ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ मध्ये सुरू झाल्यानंतर अनेक शेतकरी शेततळ्यात मासे सोडू लागले आहेत.

अशा तळ्यात प्रामुख्याने कटला, रोहू आणि मृगळ हे कार्प जातीचे मासे वाढवले जातात. कटला पृष्ठभागाजवळ, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी अन्न शोधतो. त्यामुळे हे तिन्ही मासे एकत्र नांदतात. मात्र सोडलेल्या माशांपैकी किती हाती लागतील, हे दोन गोष्टींवर ठरते : भक्षकांपासून राखण आणि पाण्याची प्रत. या दोन्ही गोष्टी परस्परांशी निगडित आहेत. आजारी किंवा प्राणवायूसाठी वर आलेला मासा पक्ष्याच्या तावडीत सर्वांत आधी सापडतो.

पाण्यातील भक्षक

बगळा किंवा पाणमांजर डोळ्यांना दिसते. परंतु मोठे नुकसान पुष्कळदा तळ्यातच दडलेले असते. मरळ, शिवडा आणि मागूर हे मासे लहान माशांना गिळतात. चिलापी अन्न व जागा बळकावते. म्हणून बीज सोडण्यापूर्वी तळे पूर्ण उपसून उन्हात वाळवणे हा सर्वोत्तम उपाय होय. उपसता न येणाऱ्या तळ्यांसाठी मोहाच्या पेंडीचा वापर रूढ आहे. एक मीटर खोलीच्या पाण्यासाठी दर हेक्टरी २,५०० किलो, म्हणजे सुमारे एका गुंठ्याला २५ किलो, हे तिचे प्रमाण आहे. पेंडीतील सॅपोनिन हा घटक माशांना मारक ठरतो. त्याचा प्रभाव दोन ते तीन आठवडे टिकतो आणि नंतर तीच पेंड खताचे काम करते. या काळात तळ्याचे पाणी घरात वा जनावरांसाठी वापरू नये, तसेच ते ओढ्यात जाऊ देऊ नये.

मत्स्यजिरे सोडायचे असतील, तर पाणकिडे आणि चतुराच्या अळ्या हेही शत्रूच ठरतात. अनेक पाणकिडे श्वासासाठी पृष्ठभागावर येतात. म्हणून वारा नसताना, जिरे सोडण्याच्या १२ ते २४ तास आधी तेल व साबणाचे मिश्रण पाण्यावर पसरतात. हेक्टरी ५६ किलो तेल आणि १८ किलो साबण हे त्याचे प्रमाण आहे. घरगुती तळ्यासाठी मात्र जिऱ्यांऐवजी १० सेंटिमीटर लांबीची बोटुकली सोडणे अधिक सुरक्षित असते, कारण त्या आकाराचा मासा कीटक, बेडूक आणि लहान भक्षकांच्या तोंडी सहसा जात नाही. गुंठ्याला सुमारे ५० बोटुकली पुरेशी होतात.

पावसाळ्यात तळे ओसंडले की मासे बाहेर जातात आणि मरळ, मागूर आत येतात. हवेतील प्राणवायू घेऊ शकणारे हे मासे ओल्या जमिनीवरूनही सरकतात. म्हणून बांध उंच ठेवावा आणि पाणी येण्या-जाण्याच्या वाटांवर बारीक जाळी बसवावी.

काठावरचे आणि आकाशातले भक्षक

वंचक आणि बगळे उथळ पाण्यात उभे राहून शिकार करतात. काठ उतरता असेल तर त्यांना सोयीचे होते. काठ तीव्र उताराचा आणि पाणी दीड ते दोन मीटर खोल असेल तर त्यांची पोहोच कमी होते. पाणकावळा मात्र बुडी मारून मासे पकडतो आणि खंड्या वरून सूर मारतो. त्यांच्यासाठी तळ्यावर जाळे ताणणे हाच खात्रीचा मार्ग आहे. जाळे जाड धाग्याचे, सहज दिसणारे आणि ताठ असावे. सैल, बारीक नायलॉनच्या जाळ्यात पक्षी आणि पाणदिवडासारखे बिनविषारी साप अडकून मरतात. जाळे रोज तपासावे.

तळ्याच्या एका कोपऱ्यात बांबूच्या फांद्या टाकल्यास माशांना आसरा मिळतो. रात्री जाळे टाकून होणारी चोरीही त्यामुळे अवघड होते.

पाणमांजर आणि मासेमार मांजर रात्री येतात. बंगालीत ‘बाघरोल’ म्हणून ओळखले जाणारे मासेमार मांजर हा पश्चिम बंगालचा राज्यप्राणी आहे. पाणथळ जागा कमी होत गेल्याने तो परसातील तळ्यांकडे वळतो आणि रोषाचा बळी ठरतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार तो पहिल्या अनुसूचीत असून पाणमांजर आणि घोरपड यांनाही संरक्षण आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीस तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. विष घालणे, फासे लावणे किंवा कुंपणात वीज सोडणे हे उपाय बेकायदा आहेतच, शिवाय घरातील मुलांच्या आणि गुरांच्या जिवावर बेतणारे आहेत. खालची कड जमिनीत पुरलेले तारेच्या जाळीचे कुंपण, रात्रीचा दिवा आणि वाढलेले मासे वेळीच काढून घेणे हे उपाय परिणामकारक ठरतात. प्राणी अडकल्यास वन विभागाला कळवावे.

पाणी आणि आरोग्य

हिरवे शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, रात्री मात्र तेच तो वापरते. त्यामुळे पहाटे पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडझाप करताना दिसले, तर खत व खाद्य तत्काळ थांबवावे, ताजे पाणी सोडावे किंवा पाणी पंपाने उडवत राहावे. ढगाळ हवामानात खाद्य कमी करावे. तांदळाचा कोंडा आणि भुईमुगाची पेंड समप्रमाणात घेऊन माशांच्या एकूण वजनाच्या २ ते ३ टक्के इतके खाद्य रोज पुरते. उरलेले खाद्य कुजून पाणी बिघडवते.

पाण्याची परीक्षा हातानेही होते. हात कोपरापर्यंत बुडवल्यावर तळवा दिसेनासा झाला तर हिरवेपणा योग्य समजावा. त्याआधीच तळवा दिसेनासा होत असेल तर शेवाळ फार झाले असे जाणावे. पाण्याचा सामू ७.५ ते ८.५ असावा. तो घटल्यास चुना देतात. गुंठ्याला २ ते अडीच किलो हे त्याचे सर्वसाधारण प्रमाण आहे.

हिवाळ्यात अंगावर लाल व्रण पडणारा रोग विशेष घातक असतो. भारतात तो १९८८ मध्ये ईशान्येकडील राज्यांत प्रथम आढळला आणि पुढे देशभर पसरला. थंडीपूर्वी चुना देणे हा त्यावरील प्रतिबंध होय. त्याच्या उपचारासाठी भुवनेश्वर येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने ‘सिफॅक्स’ हे औषध विकसित केले आहे. मासे अंग घासत असतील, तर माशांवरील उवांची शंका घ्यावी. या उवा पाण्यातील कठीण पृष्ठभागावर अंडी घालतात. बांबू पाण्यात उभे करून ते ठरावीक दिवसांनी काढून उन्हात वाळवल्यास अंडी नष्ट होतात.

नवे मासे आणताना त्यांची पिशवी १५ ते ३० मिनिटे तळ्यातच तरंगत ठेवावी, म्हणजे तापमानाचा धक्का बसत नाही. मासे मोठ्या संख्येने मरू लागल्यास स्वतःहून औषधे न टाकता जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयाशी संपर्क साधावा. रोगाची माहिती कळवण्यासाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे मोबाइल ॲपही उपलब्ध करून दिले आहे. मेलेले मासे काठावर न टाकता चुना घालून खोल पुरावेत. ते उघड्यावर राहिल्यास रोग पसरतो आणि दुर्गंधीने भक्षकही ओढले जातात.