कोपरारक्षकाचा हिशेब

पेण-रोह्याच्या गावोगावच्या कबड्डीत टाळ्या पूर्वापार चढाईला. कोपरारक्षकाची किंमत ठरे ती मैदानाकडेला बसलेल्या जाणत्यांच्या नजरेत. 2014 मध्ये प्रो कबड्डी आली आणि पकडीचे गुण, यशस्वी पकडींची टक्केवारी, अव्वल पकड हे शब्द घरोघरी पोचले. घोट्याला घातलेली देखणी पकड नजरेला भुलवते, आकडा भुलत नाही, हे खरेच. पण तो मोजतो काय? ज्याच्या धाकाने चढाईपटू बोनस रेषेकडे पायच टाकत नाही, निदान रेषा ओलांडून हात हलवत परततो, त्या कोपऱ्याच्या खात्यात शून्य. आइस हॉकीच्या गोलरक्षकाचे नशीब बरे: त्याने अडवलेला प्रत्येक फटका नोंदला जातो, मग तो सोपा होता की अवघड हे साध्या टक्केवारीला कळो न कळो.

कोणी म्हणेल, रिकामी चढाई ही साऱ्या संघाची कमाई, एकाच्या नावावर कशी घालणार? बरोबर. शिवाय दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरीत गुण न घेणारा चढाईपटू बाद होतो. तिथली पकड वेगळीच मोजायला हवी. म्हणून मैदानातल्या रक्षकांची संख्या सारखी धरून, कोपरारक्षक आत असताना आणि नसताना किती चढाया रिकाम्या गेल्या, एवढे ताडून पाहावे. गुणलेखकाच्या वहीत दोन रकाने वाढतील. नुसत्या पकडींच्या गुणांवर जिल्ह्याचा संघ निवडणे मात्र अर्धवटच.