वैद्य येईपर्यंत



वसंतऋतूतील व्याख्यानांची प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली पुण्यात सुरू केली, तेव्हापासून या व्यासपीठांवर राजकारण, समाजसुधारणा, संतवाङ्मय आणि शिवचरित्र यांचे मान मोठे राहिले आहेत. ज्या जिल्ह्यात सिंदखेडराजा आहे आणि जिजाऊंचा जन्म झाला, त्या जिल्ह्यातील श्रोत्यांपुढे कापणे, भाजणे, विंचू चावणे असल्या विषयावर बोलणे काहींना किरकोळ वाटेल. परंतु विचार केला तर असे दिसते की, इतिहासात जितकी माणसे रणांगणावर पडली त्यांहून कितीतरी अधिक माणसे विहिरीत, चुलीपाशी, शेताच्या बांधावर आणि रस्त्यावर पडली. त्यांपैकी अनेकांना मारले ते केवळ जखमेने नव्हे. अपघात आणि वैद्य यांच्यामधील जो अर्धा-एक तास असतो, त्या तासात जवळच्या माणसांनी काय केले किंवा काय केले नाही, त्यानेही मारले. त्या तासाचा इतिहास म्हणजेच प्रथमोपचाराचा इतिहास होय.

ही विद्या सर्वस्वी परकीय आहे असा समज आहे, तो खरा नाही. सुश्रुतसंहितेत जखम बांधण्याच्या पट्ट्यांचे चौदा प्रकार सांगितले आहेत. मोडलेले हाड स्थिर ठेवण्यासाठी उंबर, पिंपळ, मोह यांच्या साली आणि बांबूच्या कामट्या बांधाव्यात, असे त्यात आहे. वाहते रक्त थांबविण्याचे चार उपायही दिले आहेत. आजच्या प्रथमोपचारातही मोडलेला अवयव कामटीने, काठीने किंवा घडी केलेल्या वर्तमानपत्राने स्थिरच करतात; तत्त्व तेच आहे. उणीव ज्ञानाची नव्हती. उणीव ही की, हे ज्ञान वैद्याच्या पोथीत राहिले आणि शेजारच्या माणसाच्या हातात पोहोचले नाही. घरात राहिला तो आजीबाईचा बटवा. त्यात हळद होती तसा चुनाही होता, आणि कोणत्या वेळी कोणती वस्तू तारते व कोणती मारते हे ठरविण्याचे साधन मात्र नव्हते.

ते ज्ञान सामान्य माणसाच्या हाती देण्याची पहिली संघटित खटपट युरोपात बुडालेल्या माणसांसाठी झाली. कालव्यांच्या ॲमस्टरडॅम शहरात 1767 साली नागरिकांनी बुडालेल्यांना वाचविण्याकरिता एक मंडळ काढले. लंडनमध्ये तसेच मंडळ 1774 साली निघाले. त्यांचे उपाय ऐकून आज हसू येईल. बुडालेल्याला पिंपावर लोळवीत, आणि गुदद्वारातून तंबाखूचा धूर आत फुंकीत! तथापि त्यांना हसताना आपल्याकडे बुडालेल्याला उलटे धरून गरगर फिरविण्याची चाल होती, हे विसरता कामा नये. या मंडळांचे महत्त्व त्यांच्या उपायांत नाही, त्यांनी रूढ केलेल्या एका विचारात आहे. तो असा की, वैद्य नसलेल्या माणसावरही दुसऱ्याचा जीव वाचविण्याचे कर्तव्य आहे आणि ते शिकता येते.

याच विचाराला रणांगणावर मूर्त रूप आले. 24 जून 1859 रोजी इटलीत सोल्फेरिनोची लढाई झाली. हेन्री ड्युनांट नावाचा जिनीव्हाचा एक व्यापारी आपल्या कामासाठी त्या बाजूस आला होता. हजारो जखमी पाण्यावाचून तळमळत पडलेले पाहून त्याने जवळच्या गावातील बायाबापड्यांना एकत्र केले आणि मित्र-शत्रू असा भेद न करता शुश्रूषा सुरू केली. त्यातून 1863 साली रेडक्रॉस आणि 1864 साली जिनीव्हाचा पहिला करार निर्माण झाला. लक्षात घ्या, ड्युनांट डॉक्टर नव्हता, सैनिकही नव्हता. तो वाटसरू होता. पुढे एस्मार्क या जर्मन शस्त्रवैद्याने त्रिकोणी पट्टीचा प्रसार केला. एका चौकोनी कापडाचे कर्णावर दोन तुकडे केले की डोके, खांदा, कोपर, गुडघा सारे बांधता येते. इंग्लंडात 1877 साली सेंट जॉन ॲम्ब्युलन्स संस्था स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी सर्जन-मेजर पीटर शेफर्ड याने वुलविच येथे सामान्य नागरिकांचा वर्ग घेतला. 22 जानेवारी 1879 रोजी तो दक्षिण आफ्रिकेत इसांडल्वानाच्या लढाईत मारला गेला. त्याने लावलेले रोप मात्र जगभर पसरले.

याच सुमारास आपल्या वऱ्हाडात काय घडत होते? 1853 साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. मलकापूर, नांदुरा, शेगाव या बाजूने आगगाडी नागपूरकडे गेली आणि 1870 साली जलंब-खामगाव हा फाटा सुरू झाला. खामगावची कापसाची पेठ नावाजली; सरकी काढण्याचे आणि गठाणी दाबण्याचे कारखाने निघाले. पैसा आला, आणि त्यासोबत नव्या जातीच्या जखमाही आल्या. बैलगाडीच्या युगात पाय मुरगळे, विळा लागे, बैल मारी. आता यंत्राच्या रुळात हात सापडू लागला. अशा वेळी बटव्यातील चिमूटभर हळद काय करणार? तेथे हवा होता स्वच्छ कापडाचा जाड घडीव बोळा, जखमेवर दोन्ही हातांनी दिलेला न सोडलेला दाब, आणि वैद्याकडे धाव. रक्तस्रावाचा आजचा पहिला नियमही तोच आहे. दर अर्ध्या मिनिटाला कापड उचलून रक्त थांबले का पाहू नये. कापड भिजले तर दाब न सोडता त्यावरच दुसरे ठेवावे.

आता या इतिहासाच्या दुसऱ्या अंगाकडे वळू. प्रथमोपचाराची प्रगती जितकी नवे शिकण्याने झाली, तितकीच जुने टाकून देण्यानेही झाली. याचे सर्वांत मोठे उदाहरण सर्पदंशाचे. दंशाच्या वर चार अंगुळे दोरी आवळावी, असे सुश्रुताने सांगितले. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील विषारी सापांवर 1872 साली प्रचंड ग्रंथ लिहिणाऱ्या सर जोसेफ फेरर यांचाही भर बांधणे, कापणे आणि डागणे यांवरच होता. 1904 च्या सुमारास तर सर लॉडर ब्रंटन यांनी एक चिमुकले हत्यार पुढे आणले. त्याच्या एका टोकास पाते आणि दुसऱ्या टोकास परमँगनेटचे खडे! दंश कापायचा व खडे चोळायचे. म्हणजे प्राचीन आचार्य आणि अर्वाचीन साहेब या दोघांचेही मत या बाबतीत एकच होते, आणि दोघांचेही चुकले होते. आवळून बांधल्याने अवयव सडतो, कापल्याने रक्तस्राव व जंतुदोष होतो, आणि विष तर आपल्या वाटेने जातच राहते. इतिहासाचा हा धडा नम्रता शिकविणारा आहे: उपाय कोणाच्या नावाचा आहे यावरून तो खरा ठरत नाही, रोगी वाचतो का यावरून ठरतो.

रोगी वाचविणारे औषध 1894–95 च्या सुमारास कालमेट या फ्रेंच शास्त्रज्ञाने सिद्ध केले. घोड्यास विषाची अल्प मात्रा देत जाऊन त्याच्या रक्तातून प्रतिविष मिळवायचे. मुंबईस परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये 1899 साली प्लेगची प्रयोगशाळा आली, 1925 साली तिला हाफकिन यांचे नाव मिळाले आणि पुढे सर्पविषावरील लस तेथे तयार होऊ लागली. नाग, मण्यार, फुरसे आणि जिला आपल्याकडे परड म्हणतात ती घोणस, या चारही सापांवर एकच लस चालते. म्हणून साप मारून दवाखान्यात नेण्यासाठी त्याच्या मागे धावण्याचे कारण नाही. तरीही 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात दर वर्षी सरासरी 58 हजार माणसे सर्पदंशाने मेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. औषध आहे आणि माणूस मरतो, याचा अर्थ मधला तास वाया जातो. तो मांत्रिकाच्या ओट्यावर जातो, निंबाचा पाला चावून पाहण्यात जातो. त्या तासात करायचे इतकेच: धीर द्यावा, रोग्यास चालवू नये, दंश झालेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडाप्रमाणे स्थिर करावा, अंगठी, बांगड्या, जोडवी, तोडे सूज येण्यापूर्वी काढावेत, आणि मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे.

विंचवाची कथा अधिक जवळची आहे. आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यात जन्मलेले आणि नागपूरला वैद्यक शिकलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर कोकणात महाडकडे सरकारी आरोग्य केंद्रात गेले. तेथे लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट मुले हृदय व फुप्फुस निकामी होऊन मरत. त्यांनी रात्र-रात्र रोग्यापाशी बसून नोंदी केल्या; 1982 साली ती निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या विख्यात नियतकालिकात आली, आणि रक्तदाबावरील प्राझोसिन ही साधी गोळी त्यांनी या दंशावर वापरात आणली. जेथे गंभीर रोग्यांपैकी शंभरात तीसच्या आसपास दगावत, तेथे ते प्रमाण एकाच्या घरात आले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मात्र गोळी कितीही साधी असो, रोगी तिच्यापर्यंत पोहोचला पाहिजे. विंचू चावलेल्या मुलाला दरदरून घाम, उलटी, थंड पडलेले हातपाय ही लक्षणे दिसली की उतारा शोधीत बसणे म्हणजे त्याचा जीव पणाला लावणे होय.

कुत्र्याच्या चाव्याचा इतिहासही असाच आहे. पाश्चर यांनी 6 जुलै 1885 रोजी जोसेफ मायस्टर या मुलाला पहिली लस टोचली. हिंदुस्थानात 1900 साली कसौलीस आणि 1907 साली कुन्नूरला पाश्चर संस्था निघाल्या. सिमल्याजवळच्या त्या डोंगरापर्यंत जाणे वऱ्हाडातील शेतकऱ्यास काशीयात्रेइतकेच दूर होते. पुढे पोटात घ्यावयाच्या इंजेक्शनांची मालिका आली, तिची धास्ती जुन्या मंडळींच्या अजून स्मरणात असेल. ती लस आता गेली; आज दंडात थोडकी इंजेक्शने पुरतात, आणि रक्त आलेल्या जखमेत त्याखेरीज प्रतिपिंडांचे औषध भरावे लागते. परंतु पहिले औषध आपल्या मोरीवरच आहे. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुणे, हे काम डॉक्टराची वाट न पाहता करावयाचे असते. तिखट आणि चुना भरणाऱ्यांनी ही पंधरा मिनिटे गमावू नयेत. जलसंत्रास एकदा प्रकट झाला म्हणजे मृत्यू जवळजवळ निश्चित असतो.

भाजण्याचेही तेच. शाई, तूप, बटाट्याचा कीस, दंतमंजन आणि अलीकडे टूथपेस्ट, असे पिढ्यानुपिढ्या लेप बदलत गेले, चूक तीच राहिली. भाजल्यावर वीस मिनिटे साधे वाहते पाणी, बर्फही नको. फोड फोडू नये, वर स्वच्छ कोरडे कापड सैल टाकावे. आकडी आलेल्यास चप्पल व कांदा हुंगविण्याऐवजी कुशीवर वळवावे, तोंडात चमचा घालू नये. नाकातून रक्त आल्यास मान मागे न टाकता पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे दाबावा. आपल्याकडील वैशाखात उन्हाने बेशुद्ध झालेल्यास सावलीत आणून अंग ओले करावे व वारा घालावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये.

आणि श्वास थांबला तर? बुडालेल्यास पिंपावर लोळविण्यापासून सुरू झालेला शोध दोन शतकांनी स्थिरावला. 1950 नंतरच्या दशकात तोंडाने श्वास देण्याची रीत सिद्ध झाली, आणि 1960 साली अमेरिकेत बाल्टिमोर येथील तिघा संशोधकांनी दाखविले की, छातीच्या मध्यभागी दोन तळहातांनी जोराने, लयीत दाबत राहिल्यास थांबलेल्या हृदयाचे काम काही काळ चालविता येते. मिनिटास शंभर ते एकशेवीस वेळा, सुमारे दोन इंच खोल. त्यास यंत्र लागत नाही. पूर्वी केलेला सराव लागतो.

आज हा प्रश्न आपल्या दाराशी आला आहे. 1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्यास निघालेली बस उलटून पेटली आणि 25 प्रवासी गेले. तशा अग्नीपुढे त्रिकोणी पट्टीचे काही चालत नाही, हे मान्य केले पाहिजे. पण दररोजचे अपघात इतके भीषण नसतात. त्यांत एखादा रक्तस्रावाने जातो, एखादा उताणा पडून स्वतःच्याच उलटीने गुदमरतो, आणि भोवती माणसे उभी असतात. ती निर्दय नसतात. त्यांना पोलिसांच्या चौकशीची भीती असते आणि काय करावे हे ठाऊक नसते.

पहिली भीती कायद्याने दूर केली आहे. जखमीवर तातडीने उपचार करणे प्रत्येक डॉक्टराचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली सांगितले. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती नको, ही तत्त्वे त्याच न्यायालयाने 2016 साली बंधनकारक केली, आणि 2019 साली मोटार वाहन कायद्यात तशा संरक्षणाचे कलम आले. 2014 पासून महाराष्ट्रात 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. दुसरी उणीव, म्हणजे अज्ञान, कायद्याने जात नाही. ती आपणच घालवावयाची आहे.

म्हणून माझी विनंती अशी की, ज्या ग्रंथालयाने, ज्या शाळेने, ज्या गणेशमंडळाने व्याख्याने भरविली, त्याने वर्षातून दोन दिवस प्रथमोपचाराचा वर्गही भरवावा. त्यात विद्यार्थ्यांइतकेच गृहिणी, ट्रॅक्टरचालक, रिक्षावाले, हॉटेलवाले असावेत. कारण अपघाताच्या ठिकाणी पहिल्यांदा पोहोचतात ते हेच. वैद्य मागून येतो. त्याच्या हाती जिवंत माणूस सोपविणे हे आपले काम आहे.