‘मिशनचा दवाखाना’

हा दवाखाना म्हणजे वाशिमचे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल. नाझरीन चर्चच्या अमेरिकन सर्जन डॉ. ऑर्फा स्पायकर १९३६ साली भारतात आल्या. १९३८ साली त्यांनी जुन्या शाळेच्या इमारतीत हे हॉस्पिटल सुरू केले. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते (वाशिम जिल्हा १९९८चा). ख्रिस्ती मंडळी ज्याला ‘पाचारण’ (सेवेसाठी आलेली देवाची हाक) म्हणतात ते केवळ व्यासपीठावरच्या उपदेशाने पुरे होत नाही, हे इथे नीट दिसते. जखम धुणे, बाळंतिणीजवळ रात्र काढणे, रडणाऱ्या नातेवाइकाला चार शब्द सांगणे हीच इथली रोजची उपासना होती. मिशनचे इतिहास लिहिताना परदेशी डॉक्टरांची नावे पुढे येतात आणि ही सेवा खांद्यावर वाहणाऱ्या मराठी परिचारिका मागे राहतात, हा मला अन्याय वाटतो. — संपा.