वेंगुर्ल्याची पेठ

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची कुलदैवते गोमंतकात आहेत. इंदूर-बडोद्याकडील कुटुंबेही वर्षा-दोन वर्षांनी मंगेशीच्या किंवा शांतादुर्गेच्या दर्शनास येतात आणि बेळगावकरांचे तर येणे-जाणे नित्याचेच. त्यांपैकी जी मंडळी आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीस पोहोचतात, ती तेथून दक्षिणेस बांद्याकडे वळतात. पश्चिमेस वळणारी थोडी. आणि वळलीच तर वेंगुर्ल्याचा समुद्र पाहावा, मासे खावेत, काजू बांधून घ्यावेत व संध्याकाळी परतावे, इतकाच त्यांचा बेत असतो. हा बेत वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु समुद्र या किनाऱ्यावर सर्वत्र आहे. वेंगुर्ल्याची पेठ दुसरीकडे नाही. तीनशे वर्षे परक्यांची गरज भागवीत उभी राहिलेली आणि परके निघून गेल्यावरही न मोडलेली ही पेठ आहे. तिच्यात काय खाल्ले जाते व काय विकले जाते, हे जो लक्ष देऊन पाहील त्याला त्या बंदराचे सारे दप्तर उलगडून पाहिल्यासारखे होईल.

हे दप्तर डचांपासून सुरू करावे लागते. गोव्याच्या पोर्तुगीजांचे वैर घेऊन आलेल्या डच कंपनीस गोव्याजवळ पाय ठेवण्यापुरती जागा हवी होती. १६३७ मध्ये तिचा वकील योहान व्हॅन ट्विस्ट विजापूरच्या दरबारी गेला आणि आदिलशहाच्या मुलखातील वेंगुर्ल्यास वखार घालण्याची मोकळीक कंपनीस मिळाली. त्यानंतरची कित्येक वर्षे डच गलबते पावसाळा सरला की मांडवीच्या मुखाशी येऊन गोव्याची नाकेबंदी करीत. त्या आरमाराला पाणी, तांदूळ आणि ताजे अन्न लागे, ते वेंगुर्ले पुरवी. फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये याने ‘मिंग्रेला’ या नावाने या गावाचे वर्णन केले आहे. बटाव्हिया, जपान, बंगाल, सिंहलद्वीप येथून येणारी आणि सुरत, होर्मुझ, तांबड्या समुद्राकडे जाणारी डच जहाजे येथे नांगर टाकीत, कारण येथील पाणी व तांदूळ उत्तम, असे तो सांगतो. येथील वेलदोड्याचीही त्याने वाखाणणी केली आहे. वेलदोडा हे काही वाळूत उगवणारे पीक नव्हे. तो घाटावरून बैलांच्या पाठीवर उतरत असणार. म्हणजे त्या काळीही हे गाव स्वतः पिकविण्यापेक्षा दुसऱ्याचे पिकलेले तिसऱ्याच्या हाती देण्यावर अधिक जगत होते.

वखारीने मिरी किती विकत घेतली याचा हिशेब आम्हांस फारसा मोलाचा वाटत नाही. तिने जी पत्रे लिहिली ती मात्र मोलाची आहेत. वेंगुर्ल्याचे डच अधिकारी आजूबाजूच्या घडामोडींची बारीक बातमी वरिष्ठांस कळवीत असत. कोकणात शिवाजी महाराजांची सत्ता कशी वाढत गेली, याचे त्या त्या वेळी केलेले टिपण म्हणून ही पत्रे इतिहासकारांच्या कामी आली. १६७४ च्या राज्याभिषेकाचा वृत्तांतही वेंगुर्ल्याच्या वखारीचा प्रमुख अब्राहम लेफेबर याने कळविला होता. डच कंपनीचे दप्तर आज हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. त्यातील उताऱ्यांचे भाषांतर करवून ते अभ्यासकांपुढे ठेवण्याचे श्रेय कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांजकडे जाते. १९३० च्या दशकातील त्यांचे हे काम आहे. आपल्या राजाच्या अभिषेकाची एक साक्ष परदेशी व्यापाऱ्याने वेंगुर्ल्यास बसून लिहावी आणि आपल्याला ती हॉलंडमधून मागवावी लागावी, यात विषाद मानण्याचे कारण नाही. साक्षीदार तटस्थ असला म्हणजे साक्षीचे वजन वाढते, हे आम्हां वकिलांस तरी पटावे.

पुढे १६६३ मध्ये डचांनी कोचीन जिंकले, पोर्तुगीजांशी तह झाला, आणि गोव्यावर पहारा ठेवणाऱ्या वखारीचे प्रयोजन सरले. आदिलशाही, मराठे, मोगल व सावंत यांच्या ओढाताणीत हा मुलूख अनेकवार होरपळला. सतरावे शतक संपण्यापूर्वीच डच येथून गेले. त्यांच्या वखारीच्या जांभ्या चिऱ्यांच्या भिंती गावात उभ्या आहेत. वर छप्पर नाही. कमानींवर वडा-पिंपळाची मुळे उतरली आहेत. वास्तू राज्य शासनाची संरक्षित स्मारक आहे. महाराष्ट्राचा प्राचीन स्मारकांविषयीचा अधिनियम १९६० चा. त्याच्या बळावर कोणी येथील चिरा उचलला तर तो दंडास पात्र होईल. पिंपळाच्या मुळास मात्र कोणता अधिनियम लागू करावा, हे त्यात सांगितलेले नाही! पाहणाऱ्याने सकाळच्या उन्हात जावे, भिंतीवर चढू नये, आणि या दारातून कधीकाळी जपानकडे जाणाऱ्या गलबतासाठी तांदळाची पोती निघत होती, हे मनात आणून क्षणभर उभे राहावे. अर्ध्या तासापेक्षा अधिक तेथे पाहण्यासारखे नाही.

कायद्याने जपलेली ही वास्तू निर्जीव आहे. कायद्याने न जपलेली जी गोष्ट जिवंत आहे, ती पेठ. तिचे दुसरे आयुष्य बेळगावशी जोडलेले आहे आणि बेळगावच्या वाचकांस ते ठाऊक असावे असे आम्हांस फार वाटते.

१८१२ मध्ये सावंतवाडीकडून वेंगुर्ले इंग्रजांच्या हाती गेले. १८१८ मध्ये बेळगाव त्यांनी घेतले व तेथे छावणी बसविली. छावणीस दारूगोळा, कापड, दारू, पत्रे आणि माणसे समुद्रमार्गे यावयाची, आणि बेळगावास सर्वांत सोयीचे इंग्रजी बंदर वेंगुर्ले. गोवा जवळ, पण तो परक्याच्या हाती. म्हणून रामघाटाने लष्करी रस्ता काढण्यात आला. रामघाट चढास अवघड, तेव्हा १८६० च्या दशकाच्या अखेरीस पारपोलीचा, म्हणजे आजचा आंबोलीचा, गाडीरस्ता तयार झाला. धारवाड-बेळगावचा कापूस व धान्य या रस्त्याने उतरे; मीठ, नारळ, सुकी मासळी आणि विलायती माल वर चढे. आजही वेंगुर्ल्यास रामघाट रोड आहे, कॅम्प आहे, गाडीअड्डा आहे. बेळगावात जसा कॅम्प तसाच येथेही. रिक्षावाल्यास ही नावे सांगितली की तो आपणास मुकाट्याने तेथे नेऊन सोडतो. गाड्या कोणत्या व कुठून येत, हे त्याने सांगावे अशी अपेक्षा नाही. नावेच ते सांगतात.

मग १८८८ साल आले. मार्मागोव्याहून कॅसलरॉकमार्गे लोंढ्यास मिळणारी आगगाडी सुरू झाली आणि घाटावरचा माल रुळांवरून थेट मार्मागोव्याच्या धक्क्यास जाऊ लागला. ज्या गोव्याला टाळण्यासाठी वेंगुर्ल्याचा रस्ता बांधला, त्याच गोव्याने वेंगुर्ल्याचा व्यापार नेला. सव्वाशे किलोमीटरचा घाटरस्ता बैलगाडीने तुडविण्यास पुढे कोण धजणार? मुंबई-गोवा आगबोटी मात्र येथे पुष्कळ काळ थांबत राहिल्या. मुंबईच्या गिरण्यांत व कचेऱ्यांत राबणारा चाकरमानी त्यांतूनच घरी येई. तीही वाहतूक पुढे थांबली. १९९८ मध्ये पुरी झालेली कोकण रेल्वे कुडाळ-सावंतवाडीवरून गेली. समुद्रकाठचे वेंगुर्ले तिच्या वाटेवर नाही.

असे असता पेठ मोडावयास हवी होती. ती मोडली नाही, याचे उत्तर आम्हांस मंडईत मिळते. इंग्रजी अमदानीतील ही दगडी, कौलारू इमारत पाहून मुंबईकरांस क्रॉफर्ड मार्केटची आठवण होते. ऐट त्या घराण्याची, आकार मात्र गावास शोभेल इतका. बाहेरचा व्यापार गेल्यावर भोवतालच्या खेड्यांनी या पेठेची वहिवाट सोडली नाही. वायंगणी, दाभोली, मोचेमाड, उभादांडा येथील शेतकरी व कोळी येथेच येत राहिले. वहिवाटीने हक्क शाबीत होतो, तो असा.

मंडईत सकाळी जावे. बांगडे, पेडवे, तिसऱ्या, कुर्ल्या, नशीब असेल तर चांगली सुरमई. भाव सांगणाऱ्या बायकांशी घासाघीस करण्यात प्रतिष्ठा समजू नये, त्या सहसा हरत नाहीत. पावसाळ्याच्या आरंभी यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. तेव्हा सुक्या बाजारावर भागवावे लागते. कोकमाची आमसुले, आगळ, तिरफळे, कुळथाचे पीठ, गावठी तांदूळ हे सारे येथून न्यावे. आणि काजू. काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले. म्हणजे ज्यांच्या नाकेबंदीसाठी वेंगुर्ल्याची वखार उभी राहिली, त्यांच्याच झाडावर वेंगुर्ले आज नाव मिळवीत आहे! येथे १९५७ पासून फळ संशोधन केंद्र आहे. आज ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. काजूच्या ‘वेंगुर्ला’ नावाच्या क्रमांकवार जाती आणि नीलम-हापूसच्या संकरातून झालेला ‘रत्ना’ आंबा ही तेथील निपज. वेंगुर्ला काजूस भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. ताव्हर्नियेच्या वेलदोड्याची जागा काजूने घेतली आहे, एवढेच की वेलदोडा दुसऱ्याचा होता आणि काजू स्वतःच्या रानातला आहे.

खाण्याविषयी आता विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण लोक येतात ते बहुधा त्यासाठीच. खानावळ निवडताना पाटीपेक्षा दुपारी आत कोण बसले आहे ते पाहावे. कोर्ट-कचेरीतील कारकून आणि बाजारातील दुकानदार जेथे जेवतात, तेथे निर्धास्त बसावे. माशाचे जेवण मागितले की भात, आमटी, तळलेला तुकडा आणि सोलकढी येते. बांगड्याच्या कालवणात तिरफळ आहे की नाही हे अवश्य पाहावे. तिरफळ या मातीतले आहे. लाल मिरची मात्र काजूप्रमाणेच पोर्तुगीजांच्या गलबतातून उतरलेली. आज ज्यास आपण अस्सल मालवणी तिखट म्हणतो ते आदिलशाहीतल्या वेंगुर्लेकराच्या आजोबाने चाखलेही नसेल. त्या आजोबाचे जेवण आज कुठे शोधावे? पुष्कळ घरांतील श्राद्धाच्या पानात ते सापडते, जेथे तिखटपणासाठी मिरचीऐवजी मिरीच घालतात. कर्माच्या स्वयंपाकाने जुनी चव राखावी आणि रोजच्या स्वयंपाकाने नवी उचलावी, ही व्यवस्था आमच्या पूर्वजांनी फारसा गाजावाजा न करता केली.

सोमवारी किंवा संकष्टीस येणाऱ्यांनी उदास होऊ नये. फाल्गुन-चैत्रात ओल्या काजूंची उसळ मिळाली तर माशाची आठवण राहत नाही. काळ्या वाटाण्याचे सांबार व आंबोळी, घावन आणि नारळाचा गूळ घातलेला रस, शिरवाळे, फणसाची भाजी, श्रावणात हळदीच्या पानातील पातोळ्या, तवशाचे धोंडस. यांतील निम्मे पदार्थ खानावळीत मिळत नाहीत. त्यांसाठी कोणाच्या तरी घरची ओळख असावी लागते. कार्तिकापासून जत्रा सुरू झाल्या की मात्र सर्वांस मोकळीक. रामेश्वर, सातेरी, मानसीश्वर, प्रत्येकाची तिथी निराळी. जत्रेत गूळ-आल्याचे खाजे कागदात घेऊन दशावताराच्या मांडवासमोर बसावे. पहाटेपर्यंत चालणाऱ्या या नाटकांच्या मंडळ्यांपैकी काही याच तालुक्यातील आहेत. राजाच्या तोंडी संस्कृतप्रचुर मराठी आणि संकासुराच्या तोंडी घरची बोली, हा क्रम ऐकताना भाषेविषयी भांडणाऱ्या आम्हां सीमाभागातील मंडळींनी थोडे शांत बसण्यासारखे आहे.

दिवस हाती असेल तर दुपारी शिरोड्याची वाट धरावी. शिरोड्यास मिठागरे आहेत. १९३० च्या मे महिन्यात तेथे मिठाचा सत्याग्रह झाला, आणि वि. स. खांडेकर तेथील शाळेत १९२० पासून १९३८ पर्यंत शिकवीत होते. त्याच वाटेवर आरवली लागते. वसंत ऋतू असेल तर या बाजूस सुरंगीचे वळेसर विकावयास येतात. त्यांचा वास घरी पोहोचेपर्यंत टिकतो, म्हणून दोन अधिक घ्यावेत. आरवलीचा वेतोबा रात्री गावाच्या राखणीस फिरतो आणि चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. नवस फेडणारे त्यास केळ्यांचा घड आणि चामड्याच्या मोठ्या वहाणांचा जोड देतात. हे जोड त्या मापाने मुद्दाम करवून घ्यावे लागतात. देवळात त्यांच्या ओळी मांडलेल्या असतात, आणि भाविक वाकून तळवे किती झिजले ते पाहून घेतात.